नाव न विचारणारी खोली

प्रिय सोरेन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून काही वाईट घडलं असं वाटलं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते: मी ठीक आहे, घर ठीक आहे, पागोळीचा फुटलेला पन्हळ शेजारच्या मर्नाच्या जावयाने बसवून दिला. तुझा नवा फोन नंबर माझ्याकडे नाही, म्हणून अलास्कात कोडियाकच्या तुझ्या टपालपेटीवर हे पत्र टाकते आहे. तुला एक गोष्ट विचारायची आहे. पण ती मी लगेच विचारणार नाही हे तुला ठाऊकच आहे. आपल्या लोकांत कोणी दारातून आत आल्या आल्या कामाचं काढत नाही. आधी हवा, मग सरोवर, मग शेजारपाजार, आणि निघताना कोट अंगात चढवल्यावर मुद्दा. तेव्हा बस जरा.

हवा अशी की उत्तरेच्या वाऱ्याने बर्चची पानं एका दिवसात उतरवली. सुपिरिअर सरोवराचं पाणी शिशाच्या रंगाचं झालंय आणि खनिज भरायला येणारी लांब जहाजं घाईत आहेत, गोठायच्या आत फेऱ्या उरकायच्या म्हणून. धक्क्यावर भोंगा झाला की मी अजूनही चुलीकडे वळते, जणू तुझे बाबा त्यातल्याच एखाद्याच्या इंजिनखोलीतून वर येऊन जेवायला घरी निघालेत. शेजारपाजार म्हणशील तर चर्चमध्ये नवे पाद्री आलेत, कॅलिफोर्नियाचे, तरुण, दात फार पांढरे. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, “कॉफी कोण कोण घेणार?” सगळे म्हणाले, “नको नको, आत्ताच घेऊन आलो.” आणि त्या भल्या माणसाने किटली उचलून आत नेऊन ठेवली! एकदाच विचारलं, बघ. सगळी समिती सुक्या घशाने पार्किंगच्या जागेवर बोलत बसली. शेवटी मर्नाने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. “अहो, पहिला नकार सभ्यपणाचा आणि दुसरा सवयीचा. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय इथे कोणी काही घेत नाही, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर कोणी नाही म्हणत नाही.” पाद्री म्हणाले, “पण एखाद्याला खरोखरच नको असेल तर?” मर्ना म्हणाली, “मग तो आलाच कशाला असता?” ही गोष्ट लक्षात ठेव.

मार्चमध्ये बर्फ तडकायला लागला त्या आठवड्यात तुझे बाबा गेले, ते तुला माहीत आहे. तू तेव्हा मासेमारीच्या बोटीवर होतास, निरोप उशिरा मिळाला, फुलं पाठवलीस. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्यानंतरचे महिने मी कसे काढले हे तुला कोणी सांगितलं नसेल. मी तुझ्या बाबांना ठिकठिकाणी मारत होते. हसू नकोस, असंच असतं ते. पेन्शनवाल्यांना मृत्यूचा दाखला पाठवला, त्यांनी मारलं. बँकेने मारलं. ग्रंथालयाने कार्ड रद्द केलं, मासेमारीचा परवाना रद्द झाला. फोन कंपनीतली एक मुलगी मला म्हणाली, “मॅडम, त्यासाठी खातेदाराशीच बोलावं लागेल.” मी म्हटलं, “लाव तू. लागलाच तर मलाही जोडून दे.” असं करत करत जिथे जिथे त्यांचं नाव होतं तिथून तिथून ते पुसलं गेलं. पण काही जागा राहिल्या, सोरेन. तिथे मला कळवताच आलं नाही, कारण तिथे त्यांनी नावच दिलेलं नव्हतं. जिथे लिहिलंच नाही तिथलं खोडणार काय?

तुला त्यांचं ते वेड आठवत असेल. इंटरनेटवर ते फक्त अशाच दारांतून आत जायचे जिथे कोणी ओळख विचारत नाही. खातं उघडा, ईमेल द्या, पासवर्ड ठरवा असं पडद्यावर आलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, “मला दोन फोटो जोडायचेत, लग्न नाही लावायचंय.” मग तास तास बसून फुकटची, बिनखात्याची दुसरी जागा शोधून काढायचे. अशा किती जागा त्यांना तोंडपाठ होत्या! चार कागद जोडून एक फाइल करून देणारी, जड फोटो हलका करणारी, अकॉर्डियनचा सूर तपासून देणारी, सरोवरावर कोणतं जहाज कुठे आहे ते दाखवणारी, आणि एक तर नुसतं कोरं पान उघडून देणारी. गुरुवारी चर्चच्या तळघरात म्हातारी मंडळी त्यांच्याभोवती जमायची. डेलमर दर वेळी तेच विचारायचा, “हे विचारत नाही ना रे, ऑरिन?” आणि हे म्हणायचे, “नाही विचारत. आत जा, काम कर, दार ओढून बाहेर ये. मागे काही राहत नाही.” जन्मभर जहाजावर त्यांचं नाव टोपीवर, बिछान्यावर, हजेरीच्या पाटीवर रंगवलेलं असायचं. जमिनीवर उतरल्यावर त्यांना बिननावाचं हिंडायला आवडायचं, एवढंच असेल.

तू अलास्काला गेलास तेव्हा त्यांनी व्हिडिओवर बोलायलाही अशीच जागा शोधली. पत्त्याच्या शेवटी आपल्या मनाचा एक शब्द टाकायचा की त्या शब्दाची खोली उघडते. तोच शब्द दुसऱ्या कोणी जगात कुठेही बसून टाकला की तो त्याच खोलीत येतो. नाव नाही दिलं तर प्रत्येकाच्या चौकटीखाली नुसतं ‘पाहुणा’ येतं. शेवटचा माणूस बाहेर पडला की खोलीच नाहीशी, कोण आलं कोण गेलं याची खूण नाही. बाबा खूश. आणि एवढं सगळं करून गुप्त शब्द कोणता ठेवला? हॉटडिश! इथपासून डकोटापर्यंत एक चर्च असं नाही जिथे भट्टीतून बटाट्या-मांसाचं ते भांडं निघत नाही. तिसऱ्याच रविवारी आपल्या खोलीत तीन बायका उगवल्या, आठवतं? नॉर्थ डकोटाच्या कुठल्याशा गावच्या, कोणाच्या तरी अंत्यविधीनंतरचं जेवण ठरवायला जमलेल्या. त्यांनीही तोच शब्द ठेवला होता. आणि आपण सगळेच इतके सभ्य की तुम्ही कोण, इथे कशा, असं कोणी कोणाला विचारेना. अर्धा तास बर्फावर बोलणं झालं. मी त्यांना लोणच्याची कृती सांगितली. त्यांनी निरोप घ्यायला आणखी पाव तास घेतला. तू तिकडे तोंडावर टोपी धरून हसत होतास. बाबा पुढे किती दिवस म्हणत होते, “बऱ्या होत्या त्या. पुन्हा आल्या तर ओळखीच्या निघाल्या असत्या.”

त्यानंतर त्यांनी शब्द बदलला. गॅरेजमध्ये तुम्ही दोघांनी बांधायला घेतलेल्या बोटीला तू सहा वर्षांचा असताना जे नाव ठेवलं होतंस, ते. त्या नावाला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. बोट कधी पाण्यात गेली नाही म्हणून ते तिच्यावर रंगवलंही गेलं नाही. आपण तिघांनीच ते कधी उच्चारलं. बाबांनी बजावलं होतं की हा शब्द कागदावर उतरवायचा नाही, म्हणून मी इथेही तो लिहीत नाही. तो शब्द जगात तीनच माणसांना ठाऊक होता, एवढंच तू ध्यानात घे.

दोन हिवाळ्यांपूर्वीच्या त्या रविवारी तू वाईट काही बोलला नाहीस. “बाबा, ती बोट विकून टाका. मी काही परत येऊन ती पुरी करणार नाही,” एवढंच म्हणालास, आणि ते खरंही होतं. त्यांनी विषय बदलला. हवेचं विचारलं, तुझ्याकडच्या पावसाचं विचारलं, निरोप घेतला. मग उठून ड्रॉवरमधून काळी चिकटपट्टी आणली आणि कॅमेऱ्यावर लावली. पुढच्या रविवारी तू आला नाहीस. त्याच्या पुढच्याही. पण हे तुला माहीत नाही की ते येत राहिले. चर्चहून आलं की लॅपटॉप काखेत मारून गॅरेजमध्ये जायचे, खोली उघडून ठेवायचे आणि बोटीची कड पॉलिशपेपरने घासत बसायचे. मी म्हणायचे, “फोन कर की त्याला.” ते म्हणायचे, “खोली उघडी आहे. त्याला शब्द माहीत आहे.” मी म्हणायचे, “आणि तो आला तर तुझी काळी चौकट बघून काय समजेल?” ते म्हणायचे, “घासल्याचा आवाज ऐकू येईल ना. त्याला कळेल मी कुठे आहे ते.” त्यांची घासायची रीत तुलाही ठाऊक आहे. एक लांब हात, दोन आखूड, मग थांबून फुंकर. तीच कड घासून घासून पातळ होत चालली होती. मी एकदा म्हटलं, “अरे, होडी करतोयस की पत्रावळ?” तेव्हा मात्र हसले.

ते गेल्यावर एप्रिलमधल्या एका रविवारी मी चर्चहून आले आणि हात रिकामे राहीनात. त्यांचा लॅपटॉप टेबलावर घेतला, पट्टी सोलून काढली आणि एका बोटाने तो शब्द टाकला. खोली उघडली. पडद्यावर माझाच चेहरा, खाली ‘पाहुणा’. मी कॉफी ओतून घेतली आणि बसले. वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. इतक्या ठिकाणी मी त्यांना मारून आले होते, पण इथे कोणी काही विचारत नव्हतं. मग दर रविवारी तसंच करायला लागले. कधी विणायला घ्यायचे, कधी शेंगा सोलायला.

मे महिन्यात एका रविवारी सरोवरावरून धुकं आलं होतं, अंगणातलं टपालाचं खोकंही दिसत नव्हतं. मी कप धरून बसले होते आणि पडद्यावर माझ्या शेजारी दुसरी चौकट आली. काळी. खाली ‘पाहुणा’. आधी वाटलं, आल्या डकोटाच्या बायका! मी हात हलवून म्हटलं, “मंडळी, चुकून आलात वाटतं, पण बसा.” मग लक्षात आलं की हा शब्द चुकून कोणाला सुचणारा नाही. तुझं नाव घेतलं. दोनदा घेतलं. आणि मग घासल्याचा आवाज यायला लागला. एक लांब, दोन आखूड, थांबून फुंकर.

मी किंचाळले वगैरे नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की गॅरेजचा दिवा चालू राहिला असेल. तशीच चपला घालून गेले. गॅरेजमध्ये कोणी नव्हतं. बोट तिच्या लाकडी घोड्यांवर उपडी, तिच्यावर मी घातलेली चादर जशीच्या तशी. इतकं शांत की धुक्याचं पाणी छपरावरून टपकताना ऐकू येत होतं. तिथे ना फोन ना यंत्र, त्यांचा लॅपटॉप तर माझ्या टेबलावर. परत आले. घासणं चालूच होतं. मी खुर्चीत बसले. तुला आपली माणसं माहीतच आहेत. घरी आलेल्याला तू कोण, जिवंत की मेलेला, असं थोडंच विचारतात! मी म्हटलं, “कॉफी घेणार का?” घासणं थांबलं. “नको, आत्ताच घेतली” म्हणायला जितका वेळ लागतो तितकंच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मला हसू फुटलं. मोठ्याने हसले मी, एकटी, स्वयंपाकघरात.

दर रविवारी येत नाही. सरोवरावर धुकं असलं की येतं, कधी स्वच्छ उन्हातही येतं. मी खोलीत आधी असेन तरच येतं. मी बोलते. टोमॅटोचं सांगते, डेलमरच्या गुडघ्याचं सांगते. तुझी काही खबर नाही हेही सांगते, आणि तेव्हा फुंकर जरा लांबते असं मला वाटतं. जुलैत मी मर्नाला सांगितलं. म्हणजे एवढंच सांगितलं की कोणीतरी येऊन बसतं आणि बोलत नाही. ती म्हणाली, “मग त्यात काय? माझा नवराही तसाच आहे.” पुढच्या रविवारी ती लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन आली, विणकाम काढून माझ्या शेजारी बसली. मी शब्द टाकताना तिला तोंड फिरवायला लावलं. चौकट आली. आवाज सुरू झाला. मर्नाच्या सुया थांबल्या. तिच्या गॅरेजची भिंत आपल्या गॅरेजला लागून आहे, तिने तो आवाज वर्षानुवर्षं ऐकलाय. बराच वेळ ऐकून ती पडद्याकडे वाकली आणि म्हणाली, “ऑरिन, माझी शिडी तुझ्याकडेच राहिलीय बरं का.” मग उठली, कोट घेतला आणि गेली. दारात उभी राहिली नाही. “चला तर मग” म्हणून मांडीवर थाप मारली नाही, पायरीवर उभं राहून पावसाचं काढलं नाही. इतक्या वर्षांच्या शेजारात मर्ना निरोप न घेता गेली ती त्या दिवशी पहिल्यांदा. त्याची मला त्या आवाजापेक्षा जास्त भीती वाटली. शिडी मी गॅरेजमध्ये शोधली. बोटीमागेच होती. तिथे जमिनीवर, बोटीच्या कडेखाली, बारीक लालसर भुकटी पडलेली होती. मी एप्रिलमध्ये ते गॅरेज धुऊन काढलं होतं. भुकटी बोटावर घेतली तर सीडरच्या लाकडाचा ताजा वास. मर्ना नंतर फोनवर म्हणाली की जुनं लाकूड सुकलं की आपोआप झडतं. झडत असेल. शिडी तिने अजून नेलेली नाही.

ऑगस्टमध्ये मी दुसऱ्यांदा विचारलं. म्हटलं, “खरंच थोडीशी नाही घेणार? ताजी केलीय.” या वेळी आवाज खूप वेळ थांबला. इतका की मी पडद्याला कान लावला. आतून काहीतरी ऐकू येत होतं, माणूस उठून उभा राहताना गुडघ्यातून येतं तसं. मग पुन्हा घासणं सुरू झालं, सावकाश. त्यानंतर मी विचारलेलं नाही. तुला कळतंय ना का ते? हा आपल्याकडचा माणूस आहे, सोरेन. तिसऱ्यांदा विचारलं तर तो नाही म्हणायचा नाही. आणि हो म्हटल्यावर तो येणार कुठून, कोणत्या दाराने, आणि आल्यावर मी त्याच्याकडे कशी बघणार, हे मला ठरवता येईना.

आता सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारचं. त्या दिवशी ऊन होतं, बंदरात एक जहाज भरत होतं. घासणं चालू होतं आणि मी सफरचंदं चिरत होते. मान वर केली तर पडद्यावर तीन चौकटी. माझी एक, काळी एक, आणि आणखी एक काळी. तिघांच्याही खाली ‘पाहुणा’. नव्या चौकटीतून पत्र्यावरच्या पावसाचा आवाज येत होता. लांब कुठेतरी जनरेटर, डोमकावळे. आणि मग एक खोकला. तो खोकला मी किती हिवाळ्यांत छातीला तेल चोळून घालवलाय, तो मला ओळखू येणार नाही? माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. पण तू आलास हे माझ्याआधी दुसऱ्या कोणाला तरी कळलं होतं. कारण तू आलास त्याच क्षणी घासणं थांबलं होतं. सगळ्या उन्हाळ्यात ते असं थांबलं नव्हतं. माझ्यासाठी थांबायचं ते नको म्हणण्यापुरतं. हे थांबणं वेगळं. काम करणारा माणूस पॉलिशपेपर खाली ठेवून, हात पँटला पुसून वळतो, तसं. मग एक फुंकर ऐकू आली. तीही हळू, जशी समोर बसलेल्याच्या तोंडावर भुकटी उडू नये म्हणून कोणी मारावी. आणि तुझी चौकट गेली. मी हाक मारेपर्यंत गेली. त्यानंतर त्या दिवशी घासणं पुन्हा सुरू झालं नाही, पण ती पहिली काळी चौकट मी उठेपर्यंत तिथेच होती. मी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत उठले नाही.

तू घाबरलास, हे मला समजतं. कदाचित तुला वाटलं असेल की मी कोणाला तरी बसवून ती थट्टा करतेय. मी तसं करणार नाही. आणि तू आधीही येत असशील, मी नसताना, वेगळ्या वेळी, हे मला आता सुचतं. ते जिवंत असतानाही येऊन गेला असशील आणि त्यांची काळी चौकट बघून न बोलता परतला असशील. ते इकडे आणि तू तिकडे, दोघेही काळ्या चौकटीआड, समोरच्याने आधी बोलावं म्हणून. तसं असेल तर मला सांगू नकोस. ती खोली मागे काही ठेवत नाही, ते बरंच आहे म्हणायचं.

हा बघ, मी कोट अंगात चढवला. गेल्या रविवारी खोली उघडली तर पडद्याच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी आली होती. ती जागा चालवणाऱ्यांनी लिहिलंय की नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून खातं उघडल्याशिवाय कोणालाही आत येता येणार नाही. नाव, ईमेल आणि फोनवर येणारा आकडा. सुरक्षिततेसाठी, म्हणतात. मी उघडेन खातं, मर्नाची नात शिकवेल. तूही उघडशील. ते कुठून उघडणार? ज्या ज्या ठिकाणी त्यांचं नाव चालत होतं तिथून मी स्वतःच्या हाताने ते पुसून आले आहे. तेव्हा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार हा शेवटचा. चर्च सुटल्यावर मी खोली उघडीन, तुझ्याकडे तेव्हा सकाळच असेल. तू ये, आणि या वेळी जाऊ नकोस. बोटीचं विचार, लाकडाचं विचार, हवेचं विचार, काहीही, पण माझ्याशी नको, त्यांच्याशी बोल. आधी तू बोल. त्यांच्याच्याने ते कधी झालं नाही. तुला मी मार्चमध्ये ये म्हणून लिहिलं होतं, तुझ्या वाढदिवसाच्या कार्डावर पुन्हा लिहिलं होतं, आणि हे आता तिसऱ्यांदा. टेबलावर तीन कप मांडून ठेवते आहे. तुझा आवाज ऐकू आला की मी त्यांनाही तिसऱ्यांदा विचारणार आहे. गॅरेजकडचं दार त्या दिवशी कडी न लावता ठेवीन.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई